एकाच भिंगातून : यांत्रिक एसएलआर कॅमेऱ्याची जडणघडण

छायाचित्रकाराला जे दिसते तेच फिल्मवर उतरावे, ही मागणी साधी वाटते. ती पुरी व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. सिंगल लेन्स रिफ्लेक्स, म्हणजेच एसएलआर कॅमेऱ्याचा इतिहास हा या एका मागणीचा इतिहास आहे. १८६१ मध्ये इंग्लंडमधल्या थॉमस सटन यांनी अशा कॅमेऱ्याचे पेटंट घेतले, आणि १९५९ मध्ये जपानमधून निकॉन एफ बाजारात आला तेव्हा या रचनेतल्या मुख्य अडचणी सुटलेल्या होत्या. कॅमेऱ्यात एकेक भाग येत गेला : आरसा, प्रिझम, कापडी पडदे, आपोआप मिटणारे अपर्चर आणि शेवटी प्रकाशमापक. यातला प्रत्येक भाग कोणत्या ना कोणत्या अडचणीवर तोडगा म्हणून आला. त्यामुळे हा कॅमेरा कसा चालतो हे नीट कळायचे असेल तर तो कसा घडत गेला हे पाहावे लागते.

पाहणे आणि टिपणे

एकोणिसाव्या शतकात काचेच्या प्लेटवर फोटो काढणारा छायाचित्रकार भिंगातून आलेली प्रतिमा कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर पाहत असे. डोक्यावरून काळे कापड घेऊन, उलटी दिसणारी प्रतिमा न्याहाळत तो फोकस करी. मग भिंग झाकून, दुधी काचेच्या जागी प्लेट बसवून फोटो घेई. पाहणे आणि टिपणे यांच्यामध्ये वेळ जाई, आणि तेवढ्यात समोरचा माणूस हलला की सगळी मेहनत वाया. पुढे हातात धरायचे छोटे कॅमेरे आले. त्यांत पाहण्यासाठी भिंगाच्या वर किंवा बाजूला वेगळी खिडकी असे. १९२९ मध्ये जर्मनीत तयार झालेल्या रोलायफ्लेक्समध्ये एकावर एक दोन भिंगे होती. वरच्या भिंगातून पाहायचे आणि खालच्या भिंगातून फोटो घ्यायचा. या कॅमेऱ्यांत मध्ये वेळ जात नसे, पण डोळा एका जागेवरून पाही आणि फिल्म दुसऱ्या. दूरच्या डोंगराच्या फोटोत हा फरक जाणवत नाही. हातभर अंतरावरच्या फुलाच्या किंवा चेहऱ्याच्या फोटोत मात्र चौकटीत नीट बसवलेला भाग कापला जातो. शिवाय भिंग बदलून लांब पल्ल्याचे लावले तरी साध्या खिडकीत पूर्वीचेच दृश्य दिसत राही.

यावर उपाय म्हणजे आरसा. भिंगाच्या मागे ४५ अंशांत आरसा धरला की प्रतिमा वर वळते आणि वरच्या दुधी काचेवर सुलट दिसते. चित्रकारांच्या कॅमेरा ऑब्स्क्युरामध्ये हा आरसा सतराव्या शतकातच आला होता. योहान झान या जर्मन अभ्यासकाच्या १६८५ मधल्या ग्रंथात आरसा बसवलेल्या अशा पेट्यांची चित्रे आहेत. सटन यांनी हीच कल्पना छायाचित्रणात आणली. आरसा खाली असताना पाहायचे, तो बाजूला झाला की तोच प्रकाश प्लेटवर पडेल, अशी ती योजना होती. अमेरिकेत १८८४ मध्ये कॅल्व्हिन रे स्मिथ यांचा आरशाचा कॅमेरा विक्रीला आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्राफ्लेक्स कंपनीचे असे कॅमेरे अमेरिकी वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी उचलून धरले. पण हे सगळे कॅमेरे म्हणजे मोठाल्या पेट्याच होत्या. आरशाला वळायला जागा हवी, आणि निगेटिव्ह जेवढी मोठी तेवढी ती जागाही मोठी. कॅमेरा लहान करायचा तर आधी निगेटिव्ह लहान व्हायला हवी होती.

सिनेमाची फिल्म

लहान निगेटिव्ह मिळाली ती सिनेमामुळे. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला टॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी ३५ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना भोके असलेली फिल्म वापरात आणली, आणि पुढे जगभर तीच रूढ झाली. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या पडद्यावर आला तो याच रुंदीच्या फिल्मवर. त्याच सुमारास जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत काम करणारे ऑस्कर बार्नाक सिनेमाच्या फिल्मवर स्थिरचित्रे घेणारा खिशात मावेल असा कॅमेरा बनवत होते. सिनेमाची चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची होती. बार्नाक यांनी फिल्म आडवी चालवून चौकट दुप्पट केली : २४ बाय ३६ मिलिमीटर. हा कॅमेरा लायका या नावाने १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला. १९३४ मध्ये कोडॅकने ही फिल्म उजेडातही कॅमेऱ्यात भरता येईल अशा धातूच्या डबीत विकायला सुरुवात केली. पुढे घरोघरी माहीत झालेला छत्तीस फोटोंचा रोल तो हाच.

लायकामध्ये आरसा नव्हता. पाहण्यासाठी वेगळी खिडकी होती. लहान फिल्म आणि आरसा यांची सांगड ड्रेस्डेनमधल्या इहागे कंपनीत कार्ल न्युख्टरलाइन यांनी घातली. १९३३ मध्ये त्यांचा एक्झाक्टा कॅमेरा दुसऱ्या एका फिल्मवर आला, आणि १९३६ मध्ये ३५ मिलिमीटर फिल्मचा किने एक्झाक्टा. साधारण त्याच वर्षांत लेनिनग्राडमध्ये स्पोर्ट नावाचा सोव्हिएत एसएलआरही तयार होत होता, त्यामुळे पहिलेपणाचा मान कोणाचा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. जगभर पोचला आणि पुढच्या रचनेचा पाया ठरला तो मात्र एक्झाक्टा. त्याच्या शटरचा, म्हणजे फिल्म ठरावीक वेळ उघडणाऱ्या पडद्यांचा, सर्वांत मोठा वेग एक हजारांश सेकंद होता आणि सर्वांत लांब वेळ १२ सेकंद. भिंगे बदलता येत आणि सूक्ष्मदर्शकालाही हा कॅमेरा जोडता येई. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९५४ मधल्या 'रिअर विंडो' चित्रपटात पाय मोडून घरी बसलेला छायाचित्रकार नायक समोरच्या घरांत डोकावतो ते एक्झाक्टाला लावलेल्या लांब भिंगातूनच. एसएलआरमध्ये भिंग बदलले की दृश्यही बदलते. हा त्याचा मोठा गुण त्या प्रसंगात आपोआप दिसतो.

तीन अडचणी, तीन उपाय

एक्झाक्टा वापरणाऱ्यासमोर तीन अडचणी उरल्या होत्या. पहिली अडचण दिसण्याची. कॅमेरा कमरेशी धरून वरून खाली पाहावे लागे, आणि आरशाने प्रतिमा सुलट झाली तरी डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे दिसे. उजवीकडे पळणारे मूल काचेवर डावीकडे पळे, आणि त्याच्यामागे कॅमेरा फिरवताना हात उलट्या दिशेला जाई. कॅमेरा उभा धरून फोटो घ्यायचा तर प्रतिमा खालीवर उलटी दिसे. दुसरी अडचण अंधाराची. खटका दाबला की आरसा वर जाई आणि पुढच्या फोटोसाठी फिल्म सरकवेपर्यंत तिथेच राही. तोवर समोर काहीच दिसत नसे. तिसरी अडचण अपर्चरची. भिंगातले छिद्र पूर्ण उघडे असले की काचेवर भरपूर उजेड येतो आणि फोकस नेमका करता येतो. फोटोसाठी छिद्र लहान करायचे असले की खटका दाबण्यापूर्वी ते हाताने मिटावे लागे, आणि मिटताच काच काळवंडे.

पहिल्या अडचणीवर उपाय निघाला तो छपरासारख्या दोन उतरत्या बाजू असलेल्या पाच कोनी काचेच्या प्रिझमचा. दुधी काचेवरची प्रतिमा खालून प्रिझममध्ये शिरते. छपराच्या दोन बाजूंवर परावर्तित होताना तिची डावी-उजवी बाजू अदलाबदल होते, आणि पुढच्या पृष्ठभागावर वळून ती डोळ्याच्या उंचीवरच्या खिडकीतून बाहेर पडते. असे प्रिझम बसवलेला काँटॅक्स एस ड्रेस्डेनच्या झाइस इकॉन कारखान्यातून १९४९ मध्ये आला. इटलीत रेक्टाफ्लेक्स या कॅमेऱ्यातही तेव्हाच असे प्रिझम आले होते. त्यानंतर एसएलआर डोळ्याला लावूनच वापरला जाऊ लागला, आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावरचा तो त्रिकोणी उंचवटा त्याची ओळख बनला.

दुसऱ्या अडचणीचे उत्तर म्हणजे आपोआप खाली येणारा आरसा. हंगेरीत येनो दुलोविच यांनी ड्युफ्लेक्स कॅमेऱ्यात तो १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणला, पण त्या कॅमेऱ्याच्या थोड्याच प्रती निघाल्या. जपानमध्ये आसाही कंपनीने १९५४ च्या आसाहिफ्लेक्स दोन-बी या कॅमेऱ्यात असा आरसा बसवला आणि तो सर्रास वापरात आला. तिसरी अडचण सोडवायला अनेक कारखान्यांनी हात लावला. आधी ठरवलेल्या आकारापर्यंत कडे फिरवून थांबणारी भिंगे आली. मग खटक्यावरच्या दांडीने छिद्र मिटणारी आली. शेवटी कॅमेऱ्याच्या आतल्या बारीक दांडीने आपोआप मिटणारी आणि पुन्हा उघडणारी भिंगे रूढ झाली. मग छायाचित्रकाराला कायम पूर्ण उजेडात पाहता येऊ लागले, आणि छिद्र मिटण्याचे काम फोटोच्या क्षणापुरते यंत्राकडे गेले.

जर्मनीतून जपानकडे

हे सगळे उपाय एकाच कॅमेऱ्यात एकत्र आले ते जपानमध्ये. जर्मन कॅमेरा उद्योगाचे मोठे केंद्र असलेल्या ड्रेस्डेनवर फेब्रुवारी १९४५ मध्ये भीषण बॉम्बहल्ले झाले. युद्धानंतर देशाची फाळणी झाली, कारखान्यांचीही झाली, आणि काही यंत्रसामग्री सोव्हिएत संघात नेण्यात आली. जपानी कंपन्यांनी सुरुवात जर्मन नमुन्यांवरून केली. १९५० मध्ये 'लाइफ' मासिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी टोकियोत निकॉनची भिंगे वापरून पाहिली. कोरियाच्या युद्धातल्या त्यांच्या फोटोंमुळे जपानी भिंगांचे नाव अमेरिकेत गेले. निर्यातीच्या मालाचा दर्जा राखण्यासाठी १९५४ पासून जपानमध्ये कॅमेऱ्यांची तपासणी होऊ लागली. त्या काळच्या अनेक जपानी कॅमेऱ्यांवर चिकटवलेला सोनेरी लंबगोल कागद त्या तपासणीचीच खूण आहे.

१९५७ च्या आसाही पेंटॅक्समध्ये आपोआप परतणारा आरसा, प्रिझम आणि उजव्या अंगठ्याने फिल्म ओढायची लिव्हर हे सगळे एकत्र आले. उजवीकडे लिव्हर आणि खटका, डावीकडे फिल्म परत गुंडाळण्याचा हँडल, ही मांडणी पुढच्या तीस वर्षांतल्या बहुतेक कॅमेऱ्यांनी घेतली. १९५९ मध्ये निकॉन एफ आला. त्याचे प्रिझम, दुधी काच, मागचे झाकण, सगळे सुटे करून बदलता येई. फिल्म झटपट सरकवण्यासाठी मोटर जोडता येई, आणि पाहण्याच्या खिडकीत, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये, दिसे तेवढेच्या तेवढे निगेटिव्हवर येई. त्याच्या आठ लाखांहून अधिक प्रती निघाल्या. व्हिएतनाम युद्धाचे वार्तांकन करणाऱ्या छायाचित्रकारांच्या गळ्यात निकॉन एफ हमखास दिसे, आणि तिथूनच एसएलआर हा व्यावसायिकांचा कॅमेरा ठरला.

एक जुनी उणीव मात्र रचनेतच होती. आरशाला वळायला जागा हवी म्हणून एसएलआरमध्ये भिंग फिल्मपासून बरेच दूर बसते. निकॉन एफमध्ये भिंग बसवायच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे, तर आरसा नसलेल्या लायका एममध्ये ते २७.८ मिलिमीटर. मोठा परिसर टिपणारी कमी नाभीय अंतराची भिंगे फिल्मजवळ बसावी लागतात, आणि एसएलआरमध्ये त्यांना जागाच नव्हती. फ्रान्समध्ये पिएर आंझेन्यू यांनी १९५० मध्ये पुढे अंतर्वक्र काच बसवून हा प्रश्न सोडवला. त्यामुळे भिंगाचे नाभीय अंतर ३५ मिलिमीटर असूनही त्याचे मागचे टोक आरशापासून दूर राहू शकले.

खटका दाबल्यावर

अशा पूर्ण घडलेल्या कॅमेऱ्यात एक फोटो निघताना आत काय घडते ते क्रमाने पाहण्याजोगे आहे. अंगठ्याने लिव्हर ओढली की दातेरी चक्र फिल्मच्या कडेची आठ भोके पुढे सरकवते आणि ३८ मिलिमीटर कोरी फिल्म भिंगासमोर येते. त्याच ओढीने शटरचे दोन कापडी पडदे स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध एका बाजूला गुंडाळले जातात आणि आरशाच्या स्प्रिंगलाही ताण बसतो. पुढच्या सगळ्या हालचालींची शक्ती या एका ओढीत साठवलेली असते.

खटका दाबला की आधी भिंगातले छिद्र ठरवलेल्या आकारापर्यंत मिटते. आरसा वर उडतो आणि फोमच्या पट्टीवर जाऊन टेकतो. वर गेलेला आरसा दुधी काचेची वाट बंद करतो, त्यामुळे वरून येणारा उजेड फिल्मपर्यंत पोचत नाही. आरसा वर पोचला की पहिला पडदा सुटतो आणि फिल्म उघडी पडते. ठरलेल्या वेळेनंतर दुसरा पडदा त्याच्या मागून येऊन ती झाकतो. दुसरा पडदा पोचताच आरसा खाली येतो, छिद्र पुन्हा पूर्ण उघडते आणि दृश्य परत दिसू लागते. एवढे सगळे पापणी लवते तेवढ्यात उरकते. ज्या क्षणी फोटो निघतो नेमका त्याच क्षणी छायाचित्रकाराला काही दिसत नाही, ही या रचनेची कायमची मर्यादा आहे. आरसा आदळल्याने कॅमेरा किंचित हादरतो, म्हणून संथ वेगाच्या फोटोंसाठी काही कॅमेऱ्यांत आरसा आधीच वर अडकवून ठेवण्याची सोय केली होती.

वेग आणि छिद्र

फिल्मवर किती प्रकाश पडावा हे दोन गोष्टी ठरवतात : छिद्र किती मोठे, आणि ते किती वेळ उघडे. शटरच्या तबकडीवर १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५, २५०, ५००, १००० असे आकडे असतात. १२५ म्हणजे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. पुढच्या प्रत्येक आकड्याला प्रकाश निम्मा होतो. भिंगाच्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे असतात. हा आकडा म्हणजे नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागल्यावर येणारी संख्या. ५० मिलिमीटरच्या भिंगात एफ/२ ला व्यास २५ मिलिमीटर असतो आणि एफ/४ ला साडेबारा. इथेही एकेक पायरी पुढे गेले की प्रकाश निम्मा होतो. दोन्ही मोजपट्ट्या अशा जुळवल्या आहेत की एक पायरी इकडे वाढवली आणि एक तिकडे कमी केली तर प्रकाश तेवढाच राहतो. १२५ ला एफ/१६ आणि ५०० ला एफ/८ यांत फिल्मवर सारखाच प्रकाश पडतो. फोटो मात्र वेगळे येतात. पहिल्यात जवळचे आणि दूरचे दोन्ही रेखीव दिसते. दुसऱ्यात पळणारा घोडा थिजतो आणि मागची झाडे पुसट होतात. छायाचित्रकाराची निवड या दोन आकड्यांच्या मध्ये असते.

वेगवान शटरमागची युक्ती सुंदर आहे. ३६ मिलिमीटरची चौकट ओलांडायला कापडी पडद्याला एका हजारांश सेकंदापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून मोठ्या वेगाला पहिला पडदा पलीकडे पोचायच्या आतच दुसरा निघतो, आणि दोघांच्या मधली दोन-तीन मिलिमीटरची फट फिल्मवरून सरकत जाते. प्रत्येक ठिकाणाला हजारांश सेकंदच प्रकाश मिळतो, पण सगळी चौकट एकाच वेळी कधीच उघडी नसते. फ्लॅशचा झोत क्षणभराचाच असतो. तो अशा वेळी पडला तर फोटोत एक उजळ पट्टी येते आणि उरलेला भाग काळा राहतो. त्यामुळे बहुतेक कापडी पडद्यांच्या कॅमेऱ्यांत फ्लॅशसाठी ६० हा वेग ठरवलेला असे, आणि तबकडीवर त्याला वेगळी खूण असे. १९६० च्या दशकात धातूच्या पात्यांची, चौकटीच्या आखूड बाजूने वरून खाली धावणारी शटरे आली आणि फ्लॅशचा वेग १२५ वर गेला. १९८२ च्या निकॉन एफएम-२ मध्ये टायटॅनियमच्या पात्यांनी सेकंदाच्या चार हजाराव्या भागाचा वेग गाठला, तोही पूर्णपणे यांत्रिक शटरने.

प्रकाश मोजणे

यंत्र कितीही बिनचूक असले तरी कोणता वेग आणि कोणते छिद्र हे माणसालाच ठरवावे लागे. फिल्मच्या पुड्यातल्या कागदावर उन्हासाठी, ढगाळ हवेसाठी आणि सावलीसाठी आकडे छापलेले असत. फिल्मची संवेदनशीलता १०० असेल तर भर उन्हात एफ/१६ आणि १२५, हा ठोकताळा बहुतेकांना पाठ असे. सुरुवातीच्या प्रकाशमापकांत सेलेनियम असे. त्याला बॅटरी लागत नसे, पण कमी उजेडात ते चालत नसे. नंतर कॅडमियम सल्फाइडचे घटक आले. ते बॅटरीवर चालत, पण इतके लहान असत की कॅमेऱ्याच्या आत बसत.

आता भिंगातून आलेलाच प्रकाश मोजणे शक्य झाले. १९६३ च्या टॉपकॉन आरई सुपरमध्ये आणि १९६४ च्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिकमध्ये ही सोय आली. भिंग कोणतेही असो, फिल्टर कोणताही असो, फिल्मपर्यंत पोचणारा प्रकाशच मोजला जाऊ लागला. ज्या भिंगातून पाहायचे त्याच भिंगातून फोटो घ्यायचा हे तत्त्व आता मोजमापालाही लागू झाले.

या मापकाची एक सवय छायाचित्रकाराला माहीत असावी लागते. समोरचे दृश्य सरासरी करड्या रंगाचे, साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारे आहे असे तो गृहीत धरतो. काळोख्या गाभाऱ्यातली काळ्या पाषाणाची मूर्ती चौकटभर असेल तर तो जास्त प्रकाश मागतो आणि मूर्ती करडी पडते. बर्फाचा उतार किंवा चुन्याची पांढरी भिंत असेल तर तो कमी प्रकाश मागतो आणि पांढरे मळकट दिसते. अनुभवी छायाचित्रकार काळ्या मूर्तीला एक-दोन पायऱ्या कमी आणि पांढऱ्या भिंतीला एक-दोन पायऱ्या जास्त प्रकाश देतो.

के-१०००

ही सगळी परंपरा सर्वांत साध्या रूपात दिसते ती पेंटॅक्स के-१००० मध्ये. तो १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत राहिला आणि त्याच्या तीस लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. आधी जपानमध्ये, मग हाँगकाँगमध्ये आणि नंतर चीनमध्ये तो बनला. त्यात एक सेकंद ते एक हजारांश सेकंद वेगाचे आडवे धावणारे कापडी शटर होते, आणि भिंग झटकन बसवण्यासाठी पेंटॅक्सने १९७५ मध्ये आणलेला के माउंट होता. बॅटरी लागे ती गोळीएवढी एकच, तीही मापकाच्या काट्यासाठी. ती संपली तरी कॅमेरा पूर्ववत चाले. मापक बंद करायला वेगळे बटण नव्हते, भिंगावर झाकण लावणे हाच उपाय. आपोआप फोटो काढणारा टायमर त्यात नव्हता, आणि फोटो कसा येईल हे अपर्चर मिटून आधी पाहण्याची सोयही नव्हती.

त्यात रोल भरण्याची रीत बहुतेक यांत्रिक एसएलआरसारखीच. डावीकडचा हँडल वर ओढला की मागचे झाकण उघडते. डबी डावीकडच्या खोबणीत बसवायची, हँडल खाली दाबायचा आणि फिल्मची जीभ उजवीकडच्या गुंडाळीच्या फटीत अडकवायची. लिव्हर थोडी ओढून दाते दोन्ही कडांच्या भोकांत बसले की झाकण लावायचे, आणि उजेड लागलेला भाग पुढे जावा म्हणून दोन-तीन वेळा लिव्हर ओढून खटका दाबायचा. तेव्हा डावीकडचा हँडल फिरतो का याकडे लक्ष ठेवायचे. तो फिरत नसेल तर फिल्म अडकलेली नाही, आणि छत्तीस फोटो काढूनही रोल कोराच धुऊन येणार. मग तबकडीवर फिल्मची संवेदनशीलता लावायची.

व्ह्यूफाइंडरच्या उजव्या कडेला एक काटा वरखाली होतो. वेग किंवा छिद्र बदलत तो मधोमध आणायचा. दुधी काचेच्या मध्यभागी बारीक प्रिझमांचे वर्तुळ असते. प्रतिमा फोकसमध्ये नसली की तिथली रेघ थरथरते, नेमका फोकस झाला की स्थिर होते. इतर कॅमेऱ्यांत वर्तुळ दुभंगलेले असते, त्यात खांबाचे दोन तुकडे जुळेपर्यंत भिंग फिरवावे लागते. संथ वेगाची वेळ मोजते ती आतली दातेरी चक्रांची माळ. एक सेकंदाचा फोटो घेताना तिची घरघर स्पष्ट ऐकू येते. रोल संपला की लिव्हर अडते. मग खालचे छोटे बटण दाबायचे आणि हँडल फिरवत फिल्म डबीत परत गुंडाळायची. त्याआधी झाकण उघडले तर फोटो गेलेच. यातले काहीच आपोआप होत नाही, त्यामुळे फोटो चुकला तर का चुकला हे शोधता येते. जगभरच्या छायाचित्रणाच्या वर्गांत के-१००० इतकी वर्षे टिकला तो यामुळे.

भारतातले दिवस

स्वातंत्र्यानंतरची काही दशके भारतात आयातीवर कडक निर्बंध होते. सर्वसामान्य घरात कॅमेरा असला तर तो भारतात बनणारा आग्फा क्लिक-३ सारखा पेटीचा साधा कॅमेरा असे, त्यात मोठ्या १२० आकाराचा रोल लागे. एसएलआर महाग आणि दुर्मीळ होता. तो परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांबरोबर येई, किंवा जुन्या बाजारातून मिळे. सोव्हिएत झेनिट आणि पूर्व जर्मन प्रॅक्टिका हे जपानी कॅमेऱ्यांपेक्षा स्वस्त एसएलआर हौशी छायाचित्रकारांच्या परिचयाचे होते. फिल्म देशात बनावी म्हणून १९६० मध्ये उटी इथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिची कृष्णधवल फिल्म इंदू या नावाने विकली जाई. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजाराची ख्याती कॅमेऱ्यांचा बाजार म्हणून झाली. गावोगावच्या फोटो स्टुडिओंना लग्न आणि मुंजीच्या कामासाठी एसएलआर मिळाला तो हळूहळू. त्याच्या वापराबरोबर 'रोल धुणे', 'प्रिंट काढणे', 'निगेटिव्ह जपून ठेवणे' हे बोल घराघरांत रुळले.

आरसा जातो

१९७० च्या दशकात शटरचा ताबा हळूहळू इलेक्ट्रॉनिक्सकडे गेला. १९७६ चा कॅनन एई-१ मायक्रोप्रोसेसर असलेला कॅमेरा होता. वेग माणसाने लावायचा आणि छिद्र कॅमेऱ्याने ठरवायचे. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० मध्ये फोकस करणारी मोटर कॅमेऱ्याच्या आत आली, आणि हाताने फोकस करायची भिंगे बाजारातून मागे पडू लागली. १९९१ मध्ये कोडॅकने डीसीएस हा पहिला डिजिटल एसएलआर विक्रीला आणला, तो निकॉन एफ-३ या फिल्म कॅमेऱ्याच्याच अंगात बसवलेला होता. २००६ मध्ये निकॉनने एफ-६ आणि एफएम-१० सोडून बाकीचे फिल्म कॅमेरे थांबवत असल्याचे जाहीर केले. एफएम-१० हा यांत्रिक कॅमेरा होता.

डिजिटल एसएलआरमध्ये आरसा, प्रिझम आणि दुधी काच पूर्वीप्रमाणेच राहिली. त्यांची गरज संपली ती सेन्सरने टिपलेली प्रतिमा थेट व्ह्यूफाइंडरमधल्या छोट्या पडद्यावर दाखवता येऊ लागल्यावर. निकॉनने २०१८ मध्ये झेड मालिकेत पूर्ण आकाराच्या चौकटीचा, आरसा नसलेला कॅमेरा आणला, तेव्हा निकॉन एफपासून चालत आलेल्या आरशाच्या रचनेला त्या कंपनीतही पर्याय उभा राहिला. भिंगातून दिसते तेच फोटोत उतरावे ही सटन यांच्या काळची मागणी या नव्या कॅमेऱ्यांतही तशीच आहे. ती पुरी करण्याचे साधन तेवढे बदलले. बार्नाक यांची २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट, छिद्राचे ते जुने आकडे आणि एकेका पायरीने निम्मी होणारी शटरची वेळ यांत मात्र अजून बदल झालेला नाही.